लोलकातून भिंतीवर सात रंग कसे पाडावेत

लोलक उन्हात धरला की रंग उमटतात, हे आपण शाळेतच शिकतो. पण पहिल्या प्रयत्नात बहुतेकांना दिसतो तो मधोमध पांढरा पट्टा, एका कडेला तांबूस आणि दुसऱ्या कडेला निळसर झाक. मलाही तेवढंच दिसलं होतं, आणि मी लोलकालाच नावं ठेवली. खरं तर चूक उजेडाच्या रुंदीची होती. तिरीप रुंद असली की तिच्या प्रत्येक भागाचे वेगळे रंग पडतात, ते मधे एकमेकांवर चढतात आणि पुन्हा पांढरे होतात. म्हणून सुरुवात फटीपासून करू.

काळ्या जाड कागदात ब्लेडने २ ते ३ मिलिमीटर रुंद आणि ३ सेंटिमीटर लांब अशी उभी फट कापा. कडा सरळ हव्यात. कागद ऊन येणाऱ्या खिडकीला लावा आणि बाकीचा उजेड जमेल तेवढा झाका. सूर्य खाली असतो तेव्हा, म्हणजे सकाळी किंवा दुपार कलल्यावर, काम सोपं जातं, कारण किरण जवळजवळ आडवे येतात. लोलकातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

आता ६० अंशांचा काचेचा लोलक फटीमागे उभा ठेवा. त्याची धार फटीला समांतर हवी. ती तिरकी राहिली तर रंग एकमेकांत मिसळतात.

रंग फटीच्या अगदी समोर शोधू नका. किरण मूळ वाटेपासून जवळपास ४० अंश वळतो, त्यामुळे ते बाजूच्या भिंतीवर सापडतील. सापडले की लोलक अगदी हळू फिरवा. रंगीत पट्टा सरकत जातो, एका जागी थबकतो आणि लोलक त्याच दिशेने फिरत असूनही मागे यायला लागतो. जिथे थबकला तिथेच लोलक ठेवा. सगळ्या खटाटोपात मला हाच क्षण सर्वांत आवडतो.

मग पांढरा कागद लोलकापासून २ मीटरवर धरा. तांबडा आणि जांभळा यांच्या दिशांत जेमतेम दीड अंशाचा फरक असतो. अर्ध्या मीटरवर त्याचा पट्टा सव्वा सेंटिमीटरचा होतो, २ मीटरवर ५ सेंटिमीटरचा. तानापिहिनिपाजा तिथे ओळीने वाचता येतं. रंगांमध्ये ठळक रेघा मात्र दिसणार नाहीत. मुळात हे रंग सलग बदलत जातात, शिवाय आकाशात सूर्यच अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून शेजारचे रंग थोडे एकमेकांत शिरतातच.

हे घडतं कशामुळे? निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो, काचेत सुमारे २ लाख. जांभळा तांबड्यापेक्षा किंचित जास्त मंदावतो, म्हणून जास्त वळतो. साध्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे तिच्यात प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा, तांबड्यासाठी सुमारे १.५१, जांभळ्यासाठी १.५३. फरक एवढासाच! खिडकीच्या काचेतही रंग वेगळे होतात, पण तिच्या दोन्ही बाजू समांतर असल्यामुळे बाहेर पडताना सगळे किरण पुन्हा एकाच दिशेला लागतात. लोलकाच्या बाजू एकमेकींशी तिरप्या असतात. त्यामुळे दुसऱ्या बाजूला किरण त्याच अंगाला आणखी वळतात आणि रंगांतलं अंतर वाढतं.

ऊन नसेल तर एलईडी टॉर्च चालेल. मात्र पांढऱ्या एलईडीत निळ्या आणि हिरव्याच्या मधला भाग फिका पडतो आणि जांभळा जवळपास नसतोच.

आणखी एक लोलक मिळाला तर पुढचा प्रयोग चुकवू नका. काचच उजेडाला रंग चढवते, असं पूर्वी मानलं जाई. न्यूटनने १६७२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने ती समजूत मोडली. रंगीत पट्ट्यासमोर दुसऱ्या काळ्या कागदातली फट अशी धरा, की फक्त हिरवा पलीकडे जाईल. त्याच्या वाटेत दुसरा लोलक ठेवा. हिरवी रेघ वळून बाजूला सरकते, पण तिच्यातून ना पिवळा फुटतो ना निळा. हिरवी ती हिरवीच राहते.