खाण कंपनी पार्टनरशिपची ऑफर घेऊन आली तर आधी काय बघायचं

आदिवासी समाजाच्या जमिनीवर किंवा शेजारी खाण येणार असली की पहिल्याच मीटिंगला टक्केवारी निघते, दोन देऊ, पाच देऊ, आणि सगळे तिथेच अडकतात. टक्के किती हे नंतर बघा, टक्के कशाचे हे आधी विचारा. नफ्याचे असतील तर नफा कागदावर कधी दिसणार हे कंपनीचा अकाउंटंट ठरवतो, पहिली काही वर्षं यंत्रं, रस्ते, कर्जाचं व्याज यातच जातात, त्यात स्वतःच्याच ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीला स्वस्तात माल विकला की नफा तिकडे आणि तुमच्याकडे ठणठणाट. विकलेल्या मालाच्या किमतीवर रॉयल्टी असेल तर रक्कम छोटी वाटते, पण माल हलला की पैसे मिळतात.

दोन्ही कसं जमवतात हे बघायचं तर अलास्कातली रेड डॉग ही जस्ताची खाण बघा. जमीन इन्युपियाक लोकांच्या नाना कॉर्पोरेशनची, करार 1982 चा, उत्पादन 1989 पासून. कंपनीचा भांडवली खर्च वसूल होईपर्यंत 4.5 टक्के रॉयल्टी, मग 2007 पासून निव्वळ उत्पन्नाचे 25 टक्के आणि दर पाच वर्षांनी 5 वाढवत 50 पर्यंत. मला तर त्याहून भारी वाटते तिथली कमिटी, जिच्यात जवळच्या नोआटक आणि किवलिना गावातली जाणती मंडळी बसतात. उन्हाळ्यात किनाऱ्यावरची शिकार आटपली असं त्यांनी सांगितलं की मगच खनिज न्यायला जहाजं येतात. करारात असा अधिकार मागा, नुसतं 'तुमचं मत विचारात घेऊ' याला काही अर्थ नाही. अर्थात तिथेही सगळं गोड नाहीये, नदीत सोडलेल्या पाण्यावरून किवलिनाच्या लोकांना कोर्टात जावं लागलंच.

पाण्यावरून आठवलं, ड्रिलिंगला हो म्हणायच्या आधी विहिरी, ओढे, नदी यांचे नमुने वर्षभर, सगळ्या ऋतूंत, तुम्ही निवडलेल्या लॅबमधून तपासून ठेवा, नाहीतर उद्या पाणी खराब झालं की 'ते आधीपासूनच तसं होतं' हे ऐकायची तयारी ठेवा. याचा आणि वकिलाचा खर्च कंपनीने द्यायचा, पण वकील तुमचा, आणि सही झाली नाही तरी पैसे परत मागायचे नाहीत हे आधीच लिहून घ्या.

संमतीचं म्हणाल तर संयुक्त राष्ट्रांच्या 2007 च्या आदिवासी हक्क जाहीरनाम्यातलं कलम 32 सांगतं की दबावाशिवाय, आधी आणि पूर्ण माहिती देऊन संमती मिळवायची. पण जाहीरनामा म्हणजे कायदा नव्हे, त्यामुळे आपल्या देशाचा कायदा काय देतो ते वेगळं बघावंच लागतं.

आता सगळ्यात घातक भाग, तो बहुतेक शेवटच्या पानांवर असतो: 'समाज प्रकल्पाला विरोध करणार नाही, जाहीर बोलणार नाही.' ऑस्ट्रेलियात मे 2020 मध्ये रिओ टिंटो या खाण कंपनीने जुकान गॉर्जमधल्या गुहा सुरुंगाने उडवल्या, जिथे माणसाच्या वावराच्या खुणा 46,000 वर्षांपूर्वीपर्यंतच्या आहेत. सरकारी परवानगी होती, आणि ज्यांची ती जागा त्या पीकेकेपी (पुटु कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा) आदिवासी लोकांशी करारही होता, त्याच करारातल्या अटींमुळे त्यांना मोकळेपणाने आवाज उठवता येत नव्हता. म्हणून नवीन माहिती आली तर तक्रार करायचा, सरकारकडे जायचा, काम थांबवायला सांगायचा हक्क राहील असं स्पष्ट लिहा आणि पवित्र जागा नकाशावर आखून वगळा.

नोकऱ्यांबद्दल थोडक्यात, नुसता आकडा घेऊ नका, कुठली पदं आणि ट्रेनिंग कधी ते घ्या. शेअर्स देत असतील तर ते फुकट की कर्जावर हे विचारा, कर्जावर असतील तर धातूचा भाव पडल्यावर हप्ता कोण भरणार?

आणि खाण बंद होण्याचा पैसा पहिल्याच दिवशी बाजूला काढायला लावा. कॅनडाच्या युकॉनमधली फारो खाण कास्का लोकांच्या भूमीवर होती, 1998 मध्ये बंद पडली, मालक कंपनी दिवाळखोर, आणि तिथला विषारी गाळ निस्तरायचा खर्च अजून सरकारी तिजोरीतून चाललाय. त्यामुळे कंपनीच्या 'आम्ही करू' या शब्दावर न जाता बँक गॅरंटीच घ्या, आणि ती रक्कम दर दोन-तीन वर्षांनी बाहेरच्या इंजिनिअरकडून नव्याने काढून घ्यायची अटही टाका, कारण खड्डा वाढला की खर्चही वाढतो.