पोर्ट्रेटमध्ये चेहरा दिसायलाच हवा का?

नाशकात फोटोग्राफी शिकू पाहणारी मुलं आधी लेन्सचं विचारतात. त्याचं उत्तर लहान आहे: ५० मिमीची साधी लेन्स, खिडकीचा उजेड आणि सावलीच्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोलची शीट. डोळ्यांत चमक आली की पुढे जा.

खरी गोची पुढेच आहे. तांबट लेनमध्ये एका कारागिराचे फोटो काढत होतो. मला हवा होता घामेजलेला बनियन आणि उगारलेली हातोडी. त्यांनी मात्र काम थांबवलं, आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले, हंडा मांडीशी घेतला आणि त्याच्यावरच्या ठोक्यांच्या खुणा माझ्याकडे येतील असा फिरवला. "आता काढा." दोन्ही फोटो दाखवले, घरी लावायला त्यांनी शर्टातलाच घेतला. माझ्या मते पोर्ट्रेटही तोच. आपण कसं दिसायचं हे त्यात त्यांनी ठरवलंय.

आजचं पोर्ट्रेट याच प्रश्नाशी झोंबतंय. उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. त्र्यंबक-मोखाड्यावरून जव्हारला जा. तिथल्या बोहाडा उत्सवात देव-दैत्यांचे मुखवटे नाचवतात. छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१५ पासून तिथल्याच कोकणा आणि वारली कलाकारांना रोजच्या जगण्यातले, माणसांचे, प्राण्यांचे, वस्तूंचे मुखवटे करायला सांगितले आणि ते घातलेल्या गावकऱ्यांचे फोटो काढले. चेहरा झाकलेला, तरी माणूस समोर उभा! कलाकार पुष्पमाला एन. तर स्वतःच वेश पालटून कॅमेऱ्यासमोर येतात. आणि २०२३ मध्ये जर्मन छायाचित्रकार बोरिस एल्डागसेन यांनी सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समधलं बक्षीस नाकारलं, कारण बक्षीस मिळालेलं चित्र एआयनं बनवलेलं होतं. त्यातल्या बायका कधी कुणासमोर बसल्याच नव्हत्या. मी त्याला पोर्ट्रेट म्हणणार नाही, तुम्ही भांडा.

पोट मात्र लग्नांवर आणि पासपोर्ट फोटोंवरच भरतं. त्याला नाक मुरडू नका. अनोळखी माणसाचे खांदे दोन मिनिटांत सैल कसे करायचे, हे तिथेच कळतं.

२०२७ च्या सिंहस्थाची तयारी आत्तापासून करणाऱ्यांना एवढंच सांगतो: रामकुंडावर लांब लेन्स लावून साधूंना टिपत बसू नका. जवळ जा, विचारा, नकार आला तर कॅमेरा खाली. होकार आला तर कुठे, कसं बसायचं तेही त्यांनाच ठरवू द्या, आणि त्यांना द्यायच्या प्रिंटचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.