इंग्लंडला निघालात? आधी क्लब, मग लेथ

लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, विकत घेऊ नका. मी सांगितलेलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं मात्र लक्षात ठेवा. निदान पहिले सहा महिने तरी नाहीच.

दर हिवाळ्यात मी सांगलीला येते, तेव्हा विश्रामबागेतल्या आमच्या घरी कुणी ना कुणी विचारायला येतंच. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून बाहेर पडलेली मुलं असतात, नवऱ्याच्या नोकरीपायी निघालेल्या मुली असतात, मुलाकडे कायमचे राहायला चाललेले साताऱ्याकडचे आई-वडीलही असतात. व्हिसा, घरभाडं, गव्हाचं पीठ कुठलं घ्यायचं, हे सांगणारे तुम्हाला शंभर जण भेटतील. माझं सांगणं वेगळं असतं. तिथे पोचल्यावर महिन्याभरात जवळचा वुडटर्निंग क्लब शोधा, म्हणजे लेथवर लाकूड कातणाऱ्या हौशी लोकांचं मंडळ. अनुभव नसला तरी चालतो.

कारण सरळ आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात तिथे चार वाजता अंधार पडतो आणि पहिला हिवाळा माणसाला खातो. आपली माणसं मग शनिवार-रविवार एकमेकांच्या घरी जमतात, पावभाजी होते, घराचे हप्ते आणि व्हिसाच्या गोष्टी होतात. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला मीही उकडीचे मोदक करते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दहा वर्षं राहून शेजारच्याचं नाव माहीत नसलेली आपली कुटुंबं मी पाहिली आहेत आणि ते मला पटत नाही. इंग्रज माणूस सहजासहजी घरी बोलवत नाही, खासगी विचारत नाही. आपल्याला ते तुटक वाटतं. हातात काम असलं की तोच माणूस भरभरून बोलतो. तुमच्या हत्याराला धार नाही हे दिसलं, तर दुसऱ्या दिवशी गाडी काढून तुमच्या दारात हजर होतो.

असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स ऑफ ग्रेट ब्रिटन ही देशभराची संघटना १९८७ पासून आहे. तिच्याशी जोडलेले क्लब गावोगावी आहेत, तिच्याकडे यादी मिळते. धंदा त्याहून कितीतरी जुना. लंडनच्या कातारींच्या संघाला राजाची सनद मिळाली १६०४ मध्ये, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायचा होता. क्लबची बैठक बहुधा महिन्यातून एकदा, संध्याकाळी, गावच्या सभागृहात असते. पुढे लेथ, त्यावर कॅमेरा, बाजूला पडदा. कुणीतरी कसलेला कारागीर दोनेक तास वाडगा किंवा डबी करून दाखवतो. मध्ये चहा. लाकडाच्या तुकड्यांची सोडत. एका टेबलावर सदस्यांनी महिन्याभरात केलेल्या वस्तू मांडलेल्या असतात. साडेसातची वेळ म्हणजे साडेसात.

तुम्ही मात्र सातला जा आणि खुर्च्या मांडायला लागा. क्लबात शिरायचा यापेक्षा चांगला रस्ता मला माहीत नाही. शेवटी कप विसळायलाही थांबा. मागच्या रांगेत बसून व्हिडिओ काढून निघून जाणारे आपले तरुण दोन महिन्यांत यायचे बंद होतात. ऐंशी वर्षांच्या आजोबांनाही पहिल्या नावाने हाक मारायची असते. जीभ रेटत नाही, पण 'सर' म्हणालात तर तेच अवघडतात. सदस्य बहुतेक निवृत्त पुरुष, बायका थोड्या. मुलींनो, म्हणून मागे राहू नका. मला तिथे कुणी कधी पाहुण्यासारखं वागवलं नाही, उलट पहिल्याच महिन्यात एप्रन दिला.

आता आपल्या इंजिनिअरांसाठी. कुपवाड एमआयडीसीत किंवा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवलेला मुलगा म्हणतो, मला टर्निंग येतं. ते लोखंडाचं टर्निंग. त्या लेथवर हत्यार यंत्राच्याच पकडीत, टूल पोस्टमध्ये, घट्ट आवळलेलं असतं, चाक फिरवलं की पुढे सरकतं. लाकडाच्या लेथवर हत्यार तुमच्या हातात असतं. आधी ते टूल रेस्टवर, म्हणजे लाकडासमोरच्या आडव्या पट्टीवर, टेकवायचं, मग धारेमागचा उतार फिरत्या लाकडावर नुसता घासू द्यायचा, आणि मग मागची मूठ हळूच उचलायची. धार लाकडाला लागते आणि सालपट रिबिनीसारखं निघायला लागतं. हा क्रम उलटा केला, आधी धारच लाकडात घातली, तर हत्यार खच्चकन अडकतं. लाकूड फुटतं, कधी चकमधून, म्हणजे लाकूड धरून ठेवणाऱ्या पकडीतून, सुटून थेट तोंडावर येतं. म्हणून चेहरा पूर्ण झाकणारं शील्ड घाला, नुसता चष्मा पुरत नाही. रफिंग गाउज नावाचं रुंद हत्यार फक्त लांबट कामाला, जिथे लाकडाचे धागे लांबीच्या दिशेने जातात तिथेच, वापरायचं. वाडग्याला ते लावलं तर मुठीजवळ मोडू शकतं. वेगाचा ढोबळ हिशेब असा: इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे, हे ६,००० ते ९,००० च्या दरम्यान ठेवा. दहा इंची वाडगा असेल तर मिनिटाला ६०० ते ९०० फेरे. नवख्याने खालच्याच आकड्यावर राहावं, आणि ओबडधोबड लाकूड असेल तर त्याहूनही कमी.

आणि हे मी प्रत्येकाला हात धरून सांगते. मनगटातला देवाचा दोरा काढा. तो श्रद्धेचा आहे, मला कळतं. काढून खिशात ठेवा, देव रागावणार नाही. मंगळसूत्र काढून ठेवा किंवा एप्रनच्या आत घट्ट दाबा. ओढणी नको, अंगठी नको, केस बांधा, बाह्या कोपरापर्यंत आवळा. थंडी कितीही असो, हातमोजे घालून लेथवर उभं राहू नका. फिरतं लाकूड दोरा पकडतं, त्यामागून हात ओढतं, आणि स्विचपर्यंत पोचायला वेळ मिळत नाही. धुळीसाठी चांगला मास्क घ्या. कठीण लाकडाच्या बारीक धुळीने कर्करोग होऊ शकतो, हे सिद्ध झालेलं आहे. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात.

परत लेथकडे येते. कराडचा एक मुलगा, हुशार, आल्या आल्या ऑनलाइन स्वस्तातला लेथ मागवून बसला. राहायला भाड्याचा फ्लॅट, दुसरा मजला. लेथपाठोपाठ चक हवा, धार लावायला ग्राइंडर हवा, हत्यारं हवीत, शील्ड हवं. या सगळ्याचा खर्च लेथच्या वर गेला. त्यातही हत्यारांचा सेट असा की निम्मी हत्यारं त्याला कधी लागली नाहीत. खालच्या बाईंनी आवाजाची तक्रार केली, घरमालकाचं पत्र आलं, आणि सगळं निम्म्या किमतीला गेलं. तो क्लबात आला असता तर बऱ्याच क्लबांकडे सदस्यांना वापरायला लेथ असतो, हे त्याला कळलं असतं. शिवाय एखादे सदस्य वारले की त्यांच्या घरचे लोक हत्यारं क्लबकडे सोपवतात आणि ती वाजवी भावात नव्या माणसांना मिळतात. माझा मोठा गाउज असाच आला आहे. त्याच्या मुठीवर आधीच्या मालकाच्या अंगठ्याचा खळगा आहे.

लाकूडही विकत घेऊ नका. अ‍ॅशच्या झाडांना बुरशीचा रोग लागला आहे. ब्रिटनमध्ये तो २०१२ मध्ये पहिल्यांदा आढळला आणि तेव्हापासून झाडं तोडणं चालूच आहे. झाडं तोडणाऱ्यांशी क्लबची ओळख असते. ओलं लाकूड आधी जाडच कातायचं, दहा इंची वाडग्याला इंचभर जाडी ठेवून. काही महिने वाळू द्यायचं, वाळताना ते वेडंवाकडं होतं, मग पुन्हा चढवून बारीक करायचं.

मांडायच्या टेबलावर पहिली वस्तू म्हणून लाटणं करा. तिथलं लाटणं जाड आणि सरळ दांड्यासारखं. आपलं पोळीचं लाटणं मध्ये किंचित फुगीर, टोकांकडे निमुळतं, म्हणून तर पोळी हाताखाली आपोआप गोल फिरते. सिकॅमोर नावाच्या तिथल्या झाडाच्या लाकडाचं करा, त्याला वास-चव नसते. पॉलिश नको. माझं लाटणं टेबलावरून हातोहात फिरलं तेव्हा हा फुगवटा कशासाठी, हे सगळ्यांनी विचारलं. पुढच्या वेळी मी पोळपाट आणि कणीकच घेऊन गेले. मग भोवरा करा. तिथले भोवरे बहुधा चिमटीने फिरवतात, जाळी गुंडाळून फेकायचा भोवरा अनेकांना नवा असतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांबद्दलही सांगा. त्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि त्यांच्या खुंट्या कशा बसवतात हे ऐकायला ही मंडळी चहा थंड होऊ देतात. क्लबातले लोक लाकडाला चकाकी आणायला वापरतात ते शेलॅक म्हणजे आपली लाख, हेही अनेकांना माहीत नसतं.

चहाच्या वेळेला भडंग न्या, पण डब्यावर 'शेंगदाणे आहेत' असं ठळक लिहा. तिथे दाण्यांची अ‍ॅलर्जी असलेले लोक बरेच असतात आणि ती जिवावर बेतते.

बॅगेत इथलं लाकूड भरू नका. शिसवीच्या कुळातल्या लाकडावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत, चंदनाचं तर नावच काढू नका, आणि सालीसकट ओंडका कीड-रोगाच्या नियमात अडकतो. निघण्याआधी इथूनच क्लबच्या सेक्रेटरीला दोन ओळींचा मेल टाका: कधी येताय, कुठे राहणार, हातात कधी हत्यार धरलंय का. गाडी नसेल तर तेही लिहा, बैठकीला नेणारा कुणीतरी ते नक्की शोधून देतात.