काळ सांगणारी इंग्रजी क्रियापदे : या चुका टाळा

फोंड्यात मी ज्या मुलामुलींना इंग्रजी शिकवतो, त्यांतील बहुतेकांचे प्राथमिक शिक्षण मराठीतून किंवा कोकणीतून झालेले आहे. नोकरीचा अर्ज किंवा कार्यालयाला पाठवायचे पत्र लिहून झाले की ती मुले ते माझ्याकडे तपासायला आणतात. त्या कागदांवर सर्वांत जास्त लाल खुणा कोठे पडत असतील, तर किती काळ गेला, कधीपासून काम सुरू आहे आणि अमुक गोष्टीला किती वेळ लागला, हे सांगणाऱ्या वाक्यांवर. हा निष्काळजीपणाचा परिणाम नाही. काळाचा हिशेब मांडण्याची आपल्या भाषांची रीत वेगळी आहे, आणि ती रीत इंग्रजीत जशीच्या तशी उतरवली की क्रियापद चुकते.

‘मी दहा वर्षांपासून फोंड्यात राहतो’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. राहणे आजही चालू असल्यामुळे आपण निःशंकपणे वर्तमानकाळ वापरतो. त्याचेच भाषांतर ‘आय ॲम लिव्हिंग इन फोंडा सिन्स टेन इयर्स’ असे केले जाते आणि एका वाक्यात दोन चुका होतात. जी गोष्ट पूर्वी सुरू झाली आणि अजून संपलेली नाही, तिच्यासाठी इंग्रजीला पूर्ण वर्तमानकाळ किंवा त्याचे चालू रूप लागते. म्हणून ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ असे लिहावे. दुसरी चूक ‘पासून’ या शब्दामुळे होते. मराठीत ‘2019पासून’ आणि ‘दहा वर्षांपासून’ या दोन्ही ठिकाणी एकच ‘पासून’ चालतो. इंग्रजीत मात्र सुरुवातीचा बिंदू सांगायचा असेल तर ‘सिन्स’, आणि काळाची लांबी सांगायची असेल तर ‘फॉर’. म्हणून ‘सिन्स 2019’, पण ‘फॉर टेन इयर्स’. ‘गेली दहा वर्षे’ यासाठी लिहिले जाणारे ‘फ्रॉम लास्ट टेन इयर्स’ हेही याच जातीचे असून तेथे ‘फॉर द लास्ट टेन इयर्स’ हवे.

वर्गात हे समजावताना मला गोव्याच्या इतिहासातील तारखा फार उपयोगी पडतात. 30 मे 1987 रोजी गोवा घटकराज्य झाले. ती घटना एका दिवशी घडून गेली, म्हणून ‘गोवा बिकेम अ स्टेट इन 1987’ असा साधा भूतकाळ येतो. तारीख सांगितल्यावर ‘हॅज बिकम’ लिहिता येत नाही. परंतु घटकराज्य असणे ही स्थिती आजही टिकून आहे, म्हणून ‘गोवा हॅज बीन अ स्टेट सिन्स 1987’. येथे ‘गोवा इज अ स्टेट सिन्स 1987’ हे चूक. आता संपलेल्या काळाचे उदाहरण म्हणून पणजीचा तिसवाडी तालुका घ्या. फोंडा, डिचोली, पेडणे, काणकोण हे नव्या काबिजादीतील, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून मिळवलेल्या मुलखातील, तालुके त्यांच्या हाती अठराव्या शतकात गेले, त्यामुळे हे उदाहरण जुन्या काबिजादीतून, म्हणजे त्यांनी आधी घेतलेल्या मुलखातूनच, घ्यावे लागते. तिसवाडीवरील पोर्तुगीज सत्ता 1510मध्ये सुरू झाली आणि 19 डिसेंबर 1961 रोजी संपली. म्हणून ‘तिसवाडी वॉज अंडर पोर्तुगीज रूल फॉर 451 इयर्स’ असे लिहायचे. ‘फॉर’ दोन्हीकडे येऊ शकतो, पण ‘वॉज’ म्हटले की तो काळ संपल्याचे वाचणाऱ्याला कळते आणि ‘हॅज बीन’ म्हटले की तो चालू असल्याचे कळते.

हा भेद अर्जामध्ये फार महाग पडू शकतो. एका विद्यार्थिनीने आपल्या सध्याच्या नोकरीविषयी ‘आय वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ असे लिहिले होते. ती अजून त्याच ठिकाणी कामाला होती, पण तिचे वाक्य वाचणाऱ्याला तिने नोकरी सोडल्याचे सांगत होते. ‘आय हॅव वर्क्ड’ एवढा बदल केल्यावर वाक्य खरे झाले. याच्या जोडीने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : ‘सिन्स’नंतर सुरुवातीची घटना क्रियापदाने सांगायची असेल, तर ते क्रियापद साध्या भूतकाळात ठेवावे. ‘सिन्स आय हॅव जॉइन्ड’ असे न लिहिता ‘सिन्स आय जॉइन्ड’ लिहावे, कारण रुजू होणे त्या दिवशीच पूर्ण झाले.

आपल्याकडे वर्षे ‘होतात’. ‘शाळा सोडून तीन वर्षे झाली’ असे आपण म्हणतो, आणि कोकणीतही ‘तीन वर्सां जालीं’ असेच म्हणतात. इंग्रजीत वर्षे होत नाहीत, ती सरतात. त्यामुळे ‘थ्री इयर्स कम्प्लीटेड’ किंवा ‘थ्री इयर्स हॅपन्ड’ न लिहिता ‘थ्री इयर्स हॅव पास्ड सिन्स आय लेफ्ट स्कूल’ असे लिहावे. ‘इट इज थ्री इयर्स सिन्स’ आणि ‘इट हॅज बीन थ्री इयर्स सिन्स’ ही दोन्ही रूपेही बरोबर आहेत.

या ‘पास्ड’मध्ये स्पेलिंगचा सापळा आहे. क्रियापदाचे रूप पी-ए-एस-एस-ई-डी असे लिहितात. पी-ए-एस-टी हा वेगळा शब्द असून तो नाम, विशेषण, क्रियाविशेषण किंवा शब्दयोगी म्हणून येतो, क्रियापद म्हणून कधीही येत नाही. दोन्हींचा उच्चार इंग्रजीत एकच आहे आणि दोन्ही शब्द कोशात आहेत, त्यामुळे संगणकाची शुद्धलेखन तपासणीही पुष्कळदा गप्प राहते. ओळखण्यासाठी वाक्यातील क्रियापद शोधावे. ‘वी वॉक्ड पास्ट द चर्च’ यात क्रियापद ‘वॉक्ड’ आहे, म्हणून पुढे टी. ‘वी पास्ड द चर्च’ यात दुसरे क्रियापदच नाही, म्हणून दोन एस आणि ईडी. ‘हाफ पास्ट टेन’ आणि ‘द पास्ट टेन इयर्स’ येथे टी, तर ‘टेन इयर्स हॅव पास्ड’ येथे ईडी.

काळ स्वतः सरतो तेव्हा ‘पास’, पण माणूस काळ घालवतो तेव्हा ‘स्पेंड’. ‘आय पास्ड माय चाइल्डहुड इन काणकोण’ याऐवजी ‘आय स्पेंट’ लिहावे. ‘टाइमपास’ हा शब्द आपल्या तोंडात इतका बसला आहे की ही चूक सहज होते. वाट पाहताना वेळ कसाबसा काढणे, या अर्थाने ‘पास द टाइम’ योग्यच आहे : रायबंदरच्या धक्क्यावर चोडणची फेरीबोट येईपर्यंत आपण गप्पा मारतो, तेव्हा ‘वी पास्ड द टाइम टॉकिंग’.

‘लागणे’ या क्रियापदाला इंग्रजीत ‘टेक’ आहे आणि वाक्याची सुरुवात बहुधा ‘इट’ने होते : ‘इट टुक मी टू अवर्स टू रीच पणजी’. ‘टू अवर्स वेअर रिक्वायर्ड टू मी’ असे लिहू नये. एखादी गोष्ट किती काळ चालते, हे सांगताना मात्र ‘लास्ट’ हे क्रियापद घ्यावे. 1 जून ते 31 जुलै ही मासेमारीबंदी 61 दिवसांची असते : ‘द बॅन लास्ट्स 61 डेज’.

‘दोन वर्षांपूर्वी’ म्हणजे ‘बिफोर टू इयर्स’ नव्हे, ‘टू इयर्स अगो’. ‘अगो’ आला की साधा भूतकाळच येतो, त्यामुळे ‘आय हॅव अप्लाइड थ्री मंथ्स अगो’ चालत नाही. आजपासून ‘दोन दिवसांनी येईन’ यासाठी ‘आफ्टर’ऐवजी ‘इन टू डेज’ लिहावे. वचनाबाबत एवढेच सांगतो की वर्षे एकेक करून सरली तर ‘टेन इयर्स हॅव पास्ड’, आणि तो सगळा काळ एक लांबी म्हणून मोजला तर ‘टेन इयर्स इज अ लाँग टाइम’.

शेवटी कार्यालयीन पत्रांत हमखास दिसणारी एक जोडी. काळ उलटतो त्याला ‘इलॅप्स’ म्हणतात. विमा किंवा परवाना मुदतीत नूतनीकरण न केल्याने रद्द होतो त्याला ‘लॅप्स’ म्हणतात. स्मरणपत्रात ‘थ्री मंथ्स हॅव लॅप्स्ड’ असे लिहिलेले मी पुष्कळदा वाचले आहे. तेथे ‘हॅव इलॅप्स्ड’ शुद्ध ठरेल, परंतु मी मुलांना ‘इट इज थ्री मंथ्स सिन्स आय अप्लाइड’ असेच लिहायला सांगतो, कारण ते वाक्य साधे आहे आणि त्यात अर्ज कोणी व कधी केला हेही येते.