ध्यानाचा त्रास झाला असेल, तर संशोधनात सहभागी कसं व्हावं

दहा दिवसांच्या मौन शिबिरातून घरी येऊन तीन दिवस झाले होते. कणीक मळता मळता मी थांबले. परातीतले हात माझे वाटेनात. हात माझेच आहेत हे कळत होतं, पण मळणारी मी नव्हते. पुढचे पाच आठवडे हे अधूनमधून होत राहिलं आणि झोप तीन-चार तासांवर आली. शिबिरात सातव्या दिवशी अस्वस्थ वाटतंय म्हणून सांगितलं, तेव्हा उत्तर मिळालं होतं, "जुने संस्कार वर येताहेत, बसत राहा." सांगणाऱ्याने ते मनापासूनच सांगितलं असेल. पण तो त्रास कुठेच लिहिला गेला नाही, आणि माझ्यानंतर त्याच आसनावर बसणाऱ्याला त्याचा काही उपयोग झाला नाही.

पुढे मी एका अभ्यासात मुलाखत दिली. त्या अनुभवावरून आणि त्यासाठी जे वाचलं त्यावरून हे लिहिते आहे.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे २०१० पासून आहे. पण तो औषधांसाठी आहे. ध्यानाने काय झालं हे कळायचं तर कुणीतरी विचारायला हवं आणि ज्याला झालं त्याने सांगायला हवं. किती जणांना त्रास होतो याचे आकडे एकमेकांपासून किती लांब आहेत ते पाहा. २०२० मध्ये ८३ अभ्यासांचा, म्हणजे ६७०३ लोकांचा, एकत्रित आढावा निघाला, त्यात प्रमाण ८.३ टक्के आलं. अमेरिकेत ध्यान केलेल्या ४३४ प्रौढांना नेमके प्रश्न विचारले तेव्हा जवळपास निम्म्यांनी निदान एक तरी त्रासदायक परिणाम सांगितला, आणि रोजच्या कामात अडथळा आला असं सांगणारे १०.४ टक्के निघाले. लोक वेगळे, पद्धती वेगळ्या हे तर आहेच, पण विचारण्याची रीतही वेगळी. "काही त्रास झाला का?" असं मोघम विचारलं की लोक "नाही, छान होतं" म्हणतात. झोप, भीती, शरीर, आवाज असं एकेक करून विचारलं की आठवतं.

आधी स्वतःकडे बघा

आज, या घडीला तुम्ही कसे आहात? सलग काही रात्री झोप नाही, नसलेले आवाज ऐकू येताहेत, कुणी मागावर आहे असं वाटतं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात, यातलं काहीही असेल तर संशोधन बाजूला ठेवा. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, मराठीतही बोलता येतं. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. आणि घरातल्या एका माणसाला तरी सगळं सांगून ठेवा.

संशोधक तुमचा डॉक्टर नसतो. तो तुमचं ऐकून घेईल, नोंद करेल, पण बरं करण्यासाठी तो तिथे बसलेला नाही. हे मनात पक्कं नसलं तर मुलाखतीनंतर फार रितं वाटतं.

टिपण काढा, आणि ते दुसऱ्यांशी बोलण्याआधी काढा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. इतरांचे अनुभव वाचले, शिबिरातल्या मैत्रिणींशी बोललो, की आपल्या आठवणीत त्यांचे शब्द मिसळतात. म्हणून वही घेऊन एकट्याने बसा.

तारखा आठवत नाहीत असं वाटेल. मलाही नव्हत्या. मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरचे दुधाचे खाडे पाहिले. शिबिराचे दहा दिवस दूध बंद, अकराव्या दिवशी पुन्हा अर्धा लिटर. कणकेचा दिवस त्यावरून सापडला. फोनमधले मेसेज, केमिस्टची बिलं, रजेचा अर्ज, यूपीआयचे व्यवहार यांतूनही असेच दिवस जुळतात.

लिहायचं काय? कोणती पद्धत करत होता: श्वासावर लक्ष, जप, शरीरभर लक्ष फिरवणं, प्राणायाम, आणखी काही. दिवसाचे किती तास, किती दिवस, एकट्याने की शिबिरात. झोप किती होती, जेवण किती, उपास होता का. कोणती औषधं चालू होती, मध्येच बंद केली होती का. आधी कधी नैराश्य, फेफरं किंवा भीतीचे झटके आले होते का, घरात कुणाला मानसिक आजार होता का. हा शेवटचा भाग लिहिताना हात अडखळतो. लिहाच. तो लपवला तर दोष ध्यानाचा की आधीपासूनच्या दुखण्याचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

मग घडलं ते, क्रमाने. त्रास बसलेला असताना सुरू झाला की नंतर? ध्यान थांबवल्यावर कमी झाला का? पुन्हा बसल्यावर परत आला का? कार्यकारण तपासताना संशोधक नेमकं हेच पाहतात. पण केवळ याचं उत्तर मिळावं म्हणून पुन्हा बसून पाहू नका. मुलाखतीआधी "बघू या परत होतं का" हा मोह मला झाला होता. बहिणीने हात धरून थांबवलं, तिचे उपकार आहेत.

चांगलं झालेलंही लिहा. मला त्याच शिबिरात दोन दिवस इतकी शांतता मिळाली होती की अजून आठवते. ती खरी, आणि परातीतले परके हातही खरे.

अभ्यास शोधायचा कुठे

या विषयातलं सर्वांत नावाजलेलं काम अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातलं. विलोबी ब्रिटन आणि जॅरेड लिंडाल यांच्या गटाने तिथे ६० ध्यान करणाऱ्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या, शिवाय शिक्षक आणि जाणकारांच्याही. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात अनुभवांचे ५९ प्रकार आणि ७ गट मांडले आहेत: विचार, संवेदना, भावना, शरीर, इच्छाशक्ती, 'मी'पणाची जाणीव आणि माणसांशी संबंध. पण मुलाखती दिलेले साधक पाश्चात्त्य बौद्ध परंपरांतले होते. ज्याच्या घरी देवघरात जप चालतो आणि त्रास झाला की आधी नजर काढतात, त्याचा अनुभव त्यात कमीच सापडेल. म्हणून आपल्या माणसांनी बोलायला हवं असं मला फार वाटतं. परदेशात असाल तर तिथल्या विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांत सहभागी हवे असल्याच्या सूचना पाहत जा.

भारतात क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे माणसांवर होणाऱ्या उपचार-चाचण्यांची नोंदवही, २००७ पासून आहे आणि तिचं संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे. तिथे इंग्रजीत मेडिटेशन, माइंडफुलनेस, योगा असे शब्द टाकून शोधा. नोंद उघडली की अभ्यास कुठे चालू आहे, प्रमुख संशोधक कोण, कोणाला घेणार, कोणाला नाही, नीतिमत्ता समितीची (सहभागी माणसांचं हित जपलं जातंय ना हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आहे का, भरती चालू आहे की संपली, हे सगळं दिसतं. बहुतेक अभ्यास ध्यानाच्या फायद्यांचे असतील. तुम्ही अशा एखाद्यात असाल तरी त्रास झाल्यावर सांगा, कुणी विचारलं नाही तरी. आणि मध्येच सोडलात तर कारण सांगून सोडा. त्रास झाला म्हणून गुपचूप गळालेली माणसं आकड्यांतूनही गळतात.

जो तुमच्याकडे पैसे मागतो, 'तुमची कुंडलिनी बिघडली आहे, आम्ही दुरुस्त करतो' म्हणतो, किंवा मंजुरीचा विषय काढला की टाळतो, तो संशोधक नव्हे.

सही करण्यापूर्वी

तुम्हाला माहितीपत्रक आणि संमतीपत्र मिळेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं. इंग्रजी जड जात असेल तर मराठी प्रत मागा, संकोच नको. घरी न्या, एक रात्र जाऊ द्या. मग विचारा: ध्वनिमुद्रण कुठे राहणार, किती दिवसांनी पुसणार? मध्येच सोडलं तर आधी दिलेली माहिती काढून टाकाल का? बोलताना मला त्रास झाला तर कोण मदत करणार? जाण्यायेण्याचा खर्च मिळेल का?

एक गोष्ट मला उशिरा सुचली. नाव बदललं तरी शिबिराची जागा, महिना आणि 'शाळेत शिकवणारी, दोन मुलांची आई' एवढं छापलं की ओळखीचे लोक ओळखतातच. कोणते तपशील वगळायचे ते आधीच लिहून द्या.

तुम्हाला घेतलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. सध्या आजार तीव्र असलेल्यांना अनेकदा त्यांच्याच सुरक्षिततेसाठी वगळतात. तुमच्यावर विश्वास नाही असा त्याचा अर्थ नाही.

मुलाखतीत

माझी मुलाखत ऑनलाइन झाली, दीड तास. सुरुवातीला मी म्हणाले, "समाधीसारखं काहीतरी झालं." समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "म्हणजे नेमकं काय दिसत होतं?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी शिबिरातले शब्द वापरते आहे. मग परात, पाण्याचा पेला, बोटांना चिकटलेली कणीक असं सगळं सांगितलं. त्यांनी पुढे विचारलं, "हात दुसऱ्याचे आहेत अशी खात्री होती, की तसं नुसतं वाटत होतं?" नुसतं वाटत होतं. हा फरक डॉक्टरांच्या दृष्टीने फार मोठा असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

तेव्हा साधे शब्द वापरा. समाधी, शुद्धी, विकार निघणं हे अर्थ झाले, आधी घटना सांगा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा. समोरच्याला बरं वाटावं म्हणून वाढवू नका, गुरुजींना बोल लागेल म्हणून कमीही करू नका. एखादा प्रश्न नको असेल तर "पुढचा विचारा" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. मला संध्याकाळी रडू आलं आणि रात्री पुन्हा झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ठीक होते. दोन-तीन दिवसांत सावरलं नाही तर संमतीपत्रावरच्या नंबरवर फोन करा, म्हणूनच त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवायची. निष्कर्ष छापून यायला वर्षं लागतात, तेव्हा सारांश पाठवाल का असं निघतानाच विचारा आणि जो ईमेल तुम्ही रोज उघडता तोच लिहून द्या.