पेज पोटात राहिली का, हे आधी विचारा

न्यूरॉलॉजीच्या वॉर्डात आहारतज्ज्ञ म्हणून नव्यानं रुजू होणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी एवढंच सांगते: सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिसचा पेशंट आला की रिपोर्ट उघडण्याआधी घरच्यांपाशी बसा. गेल्या दहा दिवसांत खाणंपिणं काय होतं, ते विचारा.

या आजारात मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या शिरांत गुठळी होते. रक्त तुंबतं, मेंदूला सूज येते, कधी रक्तस्रावही होतो. तरुण बायकांत, त्यातही बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत, हे जास्त दिसतं. गोव्यातल्या डिचोलीकडची एक बाळंतीण मला अजून आठवते. आठवडाभर डोकेदुखी आणि उलट्या, मग आकडी. दंडाचा घेर मोजायला हात उचलला तर हिरवी काकणं थेट कोपरापर्यंत घसरली. तिची आई म्हणाली, "बाळंतिणीनं पाणी कमीच प्यावं, बाय. पेज देत होते की." पेज दिली होती, पण उलटून पडत होती. शरीरातलं पाणी आटलं की रक्त घट्ट होतं आणि गुठळीला वाव मिळतो.

तेव्हा माझी चूक झाली. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, २.८ पाहिलं आणि 'तीव्र कुपोषण' लिहून मोकळी झाले. वरिष्ठ मॅडमनी सीआरपीवर, म्हणजे दाह दाखवणाऱ्या रक्ततपासणीवर बोट ठेवलं. तो वाढलेला होता. अल्ब्युमिन दाहामुळेही घसरतं, गरोदरपणातही उतरतं. पीएनआय, म्हणजे पोषणावरून पेशंटचा धोका जोखणारा आकडा, काढतानाही हे लक्षात असू द्या. त्याचं गणित सोपं आहे: अल्ब्युमिन गुणिले १०, अधिक लिंफोसाइट या पांढऱ्या पेशींची संख्या गुणिले ०.००५. अल्ब्युमिन ३ आणि लिंफोसाइट १२०० असतील तर ३६. आकडा कमी आला तर पेशंटवर जास्त लक्ष हवं, हे खरं. पण ती उपाशी होती की नुसता दाह आहे, हे त्यातून कळत नाही. ते कळतं दंडाच्या घेरावरून, उतरलेल्या वजनावरून आणि आईच्या बोलण्यावरून.

उपाशी होती हे कळलं, तरी पहिल्याच दिवशी पूर्ण कॅलरी देऊ नका, उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातले क्षार धोकादायक उतरतात. आधी थायामिन (व्हिटॅमिन बी१) द्या, फॉस्फरस-पोटॅशियम तपासा, मग हळूहळू वाढवा. पाणी कमी पडलं होतं म्हणून रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) नुसतं पाणीही ओतू नका, सोडियम उतरलं तर मेंदूची सूज वाढते. आकडीचं औषध फेनिटॉइन ट्यूबमधून जात असेल तर त्याच्या आगेमागे फीड थांबवायचं का, ते डॉक्टरांना विचारा, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. गुंगीतल्या पेशंटला मायेपोटी चमच्यानं पेज भरवणारे नातेवाईक भेटतीलच. गिळण्याची तपासणी होईपर्यंत त्यांचा हात प्रेमानं धरा.

घरी सोडताना अनेकदा वॉरफेरिन हे गुठळी रोखणारं औषध असतं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) बहुधा २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो. पालेभाजी बंद करायला सांगू नका, रोज साधारण सारखी खायला सांगा. आणि गोव्यात एक प्रश्न न चुकता विचारा: श्रावण पाळता का? मासे बंद होतात, ताटात टाकळा आणि तांबडी भाजी वाढते, व्हिटॅमिन के वाढतं, वॉरफेरिनचा असर कमी होतो, आयएनआर खाली येतो. आमच्या त्या बाळंतिणीच्या कार्डावर मी श्रावण लागल्यावरच्या पहिल्या आठवड्यातली तपासणीची तारीख लाल पेनानं लिहून दिली होती.