परिचारिकेने समाजकार्याकडे किंवा समुपदेशनाकडे कसे वळावे?

दहा-बारा वर्षे वॉर्डात काढल्यावर काही परिचारिकांना जाणवू लागते, की औषधांच्या वेळा सांभाळण्यापेक्षा रुग्णाच्या घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलण्यात आपले मन अधिक रमते. ही जाणीव पक्की झाली असली, तरी राजीनामा लिहिण्याआधी स्वतःची प्रमाणपत्रे समोर घेऊन बसावे.

एमएसडब्ल्यू (मास्टर ऑफ सोशल वर्क) या समाजकार्यातील दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेची पदवी चालते. त्यामुळे बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या परिचारिकेला थेट अर्ज करता येतो. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) ही मात्र पदविका असल्याने, ती झालेल्यांनी आधी पोस्ट बेसिक बी.एस्सी. ही पदविकाधारक परिचारिकांसाठीची पदवी किंवा मुक्त विद्यापीठातून एखादी पदवी पूर्ण करावी. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था व निर्मला निकेतन, तर पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था ही या शिक्षणाची जुनी केंद्रे आहेत.

त्यानंतर नेमके कोणते काम हवे आहे, ते ठरवावे. 'थेरपी' हा शब्द आपल्याकडे सैलपणे वापरला जातो, पण कायद्यातल्या व्याख्या काटेकोर आहेत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार मनोविकार समाजकार्यकर्ता (सायकिअॅट्रिक सोशल वर्कर) म्हणवून घेण्यासाठी समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यावर मनोविकार समाजकार्यातील दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम.फिल. ही पदवी बंद केली, पण नंतर मनोविकार समाजकार्याच्या एम.फिल.ला मुदतवाढ दिली, म्हणून प्रवेशाच्या वर्षी काय स्थिती आहे, हे संस्थेकडून लेखी विचारून घ्यावे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे असेल, तर मानसशास्त्राचे शिक्षण पायापासून घ्यावे लागते. याच कायद्यात मानसिक आरोग्य परिचारिकेचीही स्वतंत्र व्याख्या आहे. मनोरुग्णांसोबतच काम करायचे असेल, तर मनोविकार परिचर्येची एक वर्षाची पदविका हा सर्वांत जवळचा रस्ता ठरतो, आणि माझ्या मते तो फार लवकर नाकारला जातो.

खरी ओढाताण क्षेत्रकार्याची असते. एमएसडब्ल्यूमध्ये आठवड्यातले साधारण दोन दिवस वस्तीत, संस्थेत किंवा रुग्णालयात काम करून त्याचा अहवाल पर्यवेक्षकांना द्यावा लागतो. नाइट ड्यूटी उतरून हे निभावेल, असा हिशेब सहसा फसतो. बिनपगारी रजा मिळेल का आणि दोन वर्षांचा घरखर्च कसा भागेल, हे अर्जाआधीच मांडून पाहावे.

सवयही बदलावी लागते. रुग्ण कण्हला की परिचारिकेचा हात आपोआप काहीतरी करायला पुढे होतो, पण समुपदेशनात समोरची व्यक्ती रडत असताना स्वस्थ बसून ऐकावे लागते, आणि निर्णय तिचा तिला घेऊ द्यावा लागतो. मात्र जुने ज्ञान वाया जात नाही. आधुनिक हॉस्पिस चळवळीच्या, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेच्या चळवळीच्या, ब्रिटिश प्रवर्तक सिसिली सॉन्डर्स यांनी पाठदुखीमुळे परिचर्या सोडली, १९४७ मध्ये त्या रुग्णालयीन समाजसेविका झाल्या आणि डॉक्टर त्यानंतर झाल्या. शासकीय रुग्णालयातला समाजसेवा अधीक्षक गरीब रुग्णाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून किंवा धर्मादाय रुग्णालयांतील निर्धनांसाठीच्या १० टक्के राखीव खाटांतून उपचार मिळवून देण्यासाठी धडपडतो. केसपेपर वाचता येणाऱ्या माणसाला हे काम अधिक लवकर उमगते.

या सगळ्या काळात महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी मात्र सोडू नये. दर पाच वर्षांचे नूतनीकरण वेळेवर करावे, म्हणजे शिकत असताना गरज पडल्यास सुट्टीच्या दिवशी एखाद्या नर्सिंग होममध्ये ड्यूटी करता येते.